पारव्या घोडीचं गाणं

ते गाणं नको रे. दुसरं कुठलंही वाजव, पण टीगचं गाणं या शेगडीपाशी नको. तुम्हा पोरांना त्याची चाल गोड वाटते, ठाऊक आहे मला. माझ्याही बोटांत ती बसलेली आहे. पण ज्यानं ते रचलं, तो आता ते म्हणत नाही. का म्हणत नाही ते ऐकायचं असेल तर गिटार खाली ठेव, शेगडीत एक ओंडका सार आणि तो दिवा जरा बारीक कर. गायींकडं फेरी मारायला अजून अवकाश आहे.

वर्ल स्टॉडर्डबरोबर मी एका रँचवर बरीच वर्षं काढली. त्यानं हे मला एकदाच सांगितलं, कुंपणाच्या तारा ओढताना, आणि सांगताना माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही. खोटं बोलणारा माणूस नव्हे तो. एकदाच बोलला होता, आणि तिथंच तर सगळं आलं.

कवी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं जो कुणी येत असेल, तसा वर्ल नव्हता. मांड पक्की, दोर फेकला तर वासराच्या मागच्या पायांतच पडणार, आणि ओठ सतत हलते. सुरुवातीला आम्हाला वाटायचं, हा गुरांना शिव्या देतोय. तो ओळी जुळवत असायचा. संध्याकाळी हातावरचं शेण धुतलं की गिटार घेऊन बसायचा आणि दिवसभर पुटपुटलेलं सुरात म्हणून बघायचा. हॅल्डन गावात दर हिवाळ्याला काउबॉय लोकांचा मेळा भरतो, कविता आणि गाण्यांचा. तिथं वर्ल उभा राहिला की मागच्या बाकांवर बाटली घेऊन बसलेलेसुद्धा गप्प व्हायचे.

आणि सगळ्यात जास्त गप्प व्हायचे ते टीगच्या गाण्याला.

टीग ऑर्मंड आमच्यातलाच. चोवीस-पंचवीसचा पोरगा, हसरा, जरा आगाऊ. वर्लला तो ‘कविराज’ म्हणायचा. दुसऱ्या कुणाची वर्लला चिडवायची छाती नव्हती. त्याची घोडी होती डव्ह. पारव्याच्या पाठीसारखा रंग, म्हणून ते नाव. शिंगरू असल्यापासून त्यानंच वाढवलेली. ऑक्टोबरात डोंगरावरची गुरं खाली आणायचं काम चालू होतं, तेव्हा एका संध्याकाळी टीग तळावर परतला नाही. पहाटे घोडी एकटी आली, लगाम तुटलेला. दुपारी वर्लला तो सापडला, कड्याखाली.

टीगची आई लिओटा. नवरा आधीच गेलेला, हा एकच मुलगा. वर्ल तिच्याकडं गेला आणि सांगितलं, पडल्या पडल्या गेला. हिवाळ्यात त्यानं गाणं रचलं. त्यातल्या या दोन ओळी सगळ्या तालुक्याला पाठ झाल्या:

*वाऱ्यामध्ये सोडून गेली, घोडीनं वळून पाहिलं नाही,*
*कड्याखाली टीग निजला, त्याला कळलंही नाही.*

मेळ्यात लिओटा पहिल्या रांगेत बसायची. ही ओळ आली की डोळे मिटायची. आणि डव्हवर त्यानंतर कुणी बसलं नाही. गाण्यातली घोडी ती. धन्याला मरायला टाकून पळालेली. पोरंटोरंसुद्धा रँचवरच्या तिच्या कुंपणाजवळ जाऊन खडे मारायची.

दोन वर्षांनी लिओटानं वर्लला निरोप पाठवला. मेळ्याला येशीलच, तर येताना डव्हला घेऊन ये, शुक्रवारी सकाळी गुरांचा लिलाव आहे. कोण घेईल, कुठं नेईल, मला सांगू नकोस.

आता असल्या नावाची घोडी कोण घेणार? वजनावर, कत्तलीसाठी घेणारा घेणार. हे लिओटालाही कळत होतं आणि वर्ललाही.

गेल्या सालची तीस जानेवारी, गुरुवार. अमावास्येनंतरचा चंद्र, नखाएवढा, तोही केव्हाच मावळलेला. वर्ल दुपारीच निघणार होता, पण पाण्याच्या टाक्यांवरचा बर्फ फोडता फोडता अंधार पडला. मग त्यानं पिकअपला ट्रेलर जोडला, घोडीला आत चढवलं. ती मुकाट चढली. गिटार त्यानं शेजारच्या सीटवर ठेवली आणि निघाला. ऐंशी मैलांचा रस्ता, मध्ये एक खिंड. सेजच्या झुडपांशिवाय काही नाही.

खिंडीच्या अलीकडं ओपलचा पेट्रोलपंप आहे. वर्लनं तिथं टाकी भरली, कॉफी घेतली. ओपल दार लावायच्या बेतात होती.

“आलास का रडवायला?” ती म्हणाली. “गेल्या वर्षी माझं काजळ हनुवटीपर्यंत आलं होतं. बहिणीनं फोटो काढलाय.”

“यंदा काजळ घालू नकोस.”

“काजळाशिवाय मी लोकांना ओळखू येत नाही, बाबा.” तिनं खिडकीतून ट्रेलरकडं पाहिलं. “कोण आहे आत?”

“डव्ह. लिलावाला.”

ओपलचं हसू मावळलं. “तीच का? गाण्यातली?”

वर्लनं मान हलवली.

“बरं झालं. एवढी वर्षं हिला गवत तरी कशाला घातलंत? मी असते तर...” तिनं वाक्य सोडून दिलं आणि कॉफीच्या पेल्यावर झाकण बसवलं. “खिंडीत सांभाळून जा. रस्त्यावर बर्फाची काच झालीय नुसती. आणि आज गाडी एकसुद्धा गेली नाही तिकडून.”

वर्लनं पैसे ठेवले. जाता जाता त्यानं ट्रेलरच्या फटीतून आत पाहिलं. घोडी शांत उभी होती. त्याच्याकडं बघत होती. तो म्हणाला मला, की त्या क्षणी त्याला तिच्या नजरेला नजर देता आली नाही. पंपावर उभी असलेली ती बाई कधी घोड्यावर बसली नव्हती, टीगला तिनं कधी पाहिलं नव्हतं, आणि तिला त्या जनावराचा राग होता. तो राग वर्लनं तिच्या हातात ठेवला होता. सुरात बसवून.

कारण वर्लला ठाऊक होतं.

त्या ऑक्टोबरात दुपारी तो कड्याखाली पोचला तेव्हा तिथल्या सावलीत अजून पांढरं दंव होतं. टीग उताणा पडला होता. आणि त्याच्याभोवती, एका बाजूला, माती खुरांनी तुडवून तुडवून मऊ झाली होती. लीद पडलेली, एका जागी नव्हे, तीन-चार ठिकाणी. पळून गेलेल्या घोडीच्या खुणा अशा नसतात. उभ्या राहिलेल्या घोडीच्या असतात. आणि टीगच्या डाव्या हाताची बोटं... मातीत ओढलेली होती. पडल्या पडल्या मेलेल्या माणसाची बोटं अशी नसतात.

वर्लनं ते पाहिलं. मग बाकीचे यायच्या आत आपल्या घोड्यावरून त्या खुणांवर दोनदा फिरला.

का, तर लिओटाला झोप लागावी म्हणून. आणि गाणं रचताना दुःखाला कुठंतरी ठेवायला जागा लागते. ती त्यानं घोडीच्या पाठीवर ठेवली. ती काय बोलणार होती?

असो. खिंड चढताना धुकं आलं. वर्लनं गाडी हळू घेतली. माथा ओलांडला आणि उताराला लागला, तेवढ्यात मागं ट्रेलरमध्ये लाथ बसली. मग दुसरी. ट्रेलर हलला. उतारावर, बर्फावर, हे चालायचं नाही. त्यानं गाडी कडेला घेतली, विजेरी घेऊन खाली उतरला.

“काय झालं ग?”

घोडी थांबली होती. कान पुढं. मान पार फटीला टेकवलेली, आणि ती बाहेर बघत होती, उताराच्या दिशेला. नाकातून मऊ आवाज काढत होती. चारा घेऊन येणाऱ्या माणसाला घोडं जसा काढतं, तसा. वर्लनं दोन वर्षांत तो आवाज तिच्या तोंडून ऐकला नव्हता.

त्यानं वळून पाहिलं. धुकं. काही नाही.

गाडीत बसला. दिवे पुढं पडले. आणि दिव्यांच्या टोकाला एक माणूस चालत होता. पाठमोरा. हॅट, सदरा. कोट नव्हता. तसल्या थंडीत.

आपल्या इकडं रात्री रस्त्यावर माणूस दिसला तर थांबायचं, हे शिकवावं लागत नाही. वर्लनं गाडी त्याच्याजवळ नेली, गिटार उचलून मागं टाकली आणि दार उघडलं.

“बस. गोठून मरशील.”

तो बसला. हॅट खाली ओढलेली. हात मांडीवर. दार लागल्याचा आवाज वर्लला आठवत नाही.

“गाडी बंद पडली का तुझी?”

उत्तर नाही.

“कॉफी आहे. घे. आता कोमटच असेल.”

त्यानं पेला घेतला नाही. वर्ल बोलत राहिला. बर्फाबद्दल, गुरांच्या भावाबद्दल. भीती वाटत होती असं नाही, म्हणाला. बोलणं थांबलं तर काहीतरी ऐकू येईल असं वाटत होतं. गाडीत हीटर चालू होता, तरी आतून काचेवर बर्फ धरत होता. तो एका हातानं पुसत होता.

मग तो माणूस बोलला. आवाज बारीक. घसा बसल्यासारखा.

“गाणं म्हण की.”

“कुठलं?”

“तुझं. ते.”

वर्लनं म्हटलं. का म्हटलं, त्याला सांगता येईना. गिटारीशिवाय, चाकांच्या आवाजावर. ऑक्टोबरचा डोंगर, खाली उतरणारी गुरं, हसणारा पोरगा. मागं ट्रेलरमध्ये काही हालचाल नव्हती. मग त्या दोन ओळी आल्या. त्यानं पहिली म्हटली. दुसरी म्हटली.

“तसं नव्हतं ते, कविराज.”

...

वर्लचा पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप वर आला. गाडी आपल्याच वजनानं उतारावरून जात राहिली. त्यानं शेजारी पाहिलं नाही. समोर पाहत राहिला.

“टीग.”

उत्तर नाही.

“मी... तुझ्या आईला...”

“मला कळलं होतं,” तो म्हणाला. “सगळं कळलं. कमरेखाली काही हलेना. ऊन गेलं तेव्हा... थंडी वाजायला लागली.”

“टीग, बास.”

“ती उतरून आली. कड्याच्या बाजूनं. कशी आली कुणास ठाऊक. येऊन उभी राहिली. मी म्हटलं, जा. तळावर जा. ती गेली नाही.” तो थांबला. थांबून पुन्हा बोलू लागला, एकेक शब्द उचलून ठेवावा तसा. “वारा कड्यावरून येत होता. ती त्या बाजूला... मधे उभी राहिली. वारा फिरला की ती फिरायची.”

वर्लनं काच पुन्हा पुसली.

“मी तिच्याशी बोलत होतो. बराच वेळ. काय बोलत होतो आठवत नाही. पहाटे माझं बोलणं थांबलं. तेव्हा गेली ती. त्याच्या आधी नाही.”

काचेवर बर्फ. वायपर खरडत होता.

“तू खुणा पाहिल्यास.”

“पाहिल्या.”

“मग?”

“मला वाटलं... तुझ्या आईला झोप लागावी.”

“लागते का?”

लिओटा मेळ्यात डोळे मिटायची, ते झोप लागणारीचं मिटणं नव्हतं. त्याला ते नेहमीच दिसत होतं.

उतार संपला. धुकं विरळ झालं. फार लांबवर हॅल्डनचे दिवे... एवढेसे.

“थांब इथं,” तो म्हणाला. “मागं जातो मी. तिच्याजवळ.”

वर्लनं ब्रेक दाबला. गाडी थांबली. दार उघडल्याची थंडी आत आली. मग ती थंडी गेली. वर्ल स्टिअरिंग धरून बसला. आरशात बघायचं धाडस झालं नाही. मागून तो मऊ आवाज आला. नाकातला. एकदाच.

मग काही नाही.

त्यानं गाडी चालू केली आणि हॅल्डनपर्यंत एकदाही थांबला नाही.

लिओटाचं घर गावाच्या कडेला आहे, मागं थोडी जागा, एक रिकामं कुंपण. वर्लनं तिच्या दारासमोर गाडी उभी केली तेव्हा मध्यरात्र होत आली होती. तो आत बसून राहिला. ट्रेलरपाशी गेला नाही. पूर्वेकडं कड उजळली, घरात दिवा लागला, तेव्हा उतरून दार वाजवलं.

लिओटा लगेच आली. केस विंचरलेले, हातात पेला. तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, “लिलाव दहाला आहे. तू आत्तापासून कशाला उठलास?”

“झोपलोच नाही. आत येऊ दे मला.”

स्वयंपाकघरात बसले. तिनं त्याच्यापुढं कॉफी ठेवली, रात्रीचा पाव ठेवला. त्यानं हात लावला नाही. रस्त्यावर काय झालं ते त्यानं तिला सांगितलं नाही. फक्त कड्याखालचं सांगितलं. खुरांच्या खुणा, लीद, मातीतली बोटं. आपण घोडा त्यावरून फिरवला, तेही.

लिओटा ऐकत होती. टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होती.

“किती वेळ?” तिनं विचारलं.

“पहाटेपर्यंत.”

“तू म्हणालास त्याला कळलंही नाही.”

“म्हणालो.”

“दोन वर्षं मी त्या एका ओळीवर झोपतेय, वर्ल.”

तो मान खाली घालून बसला.

“आणि आज का सांगतोस? आजच का?”

“घोडी बाहेर उभी आहे, लिओटा. नऊला मला तिला न्यावं लागेल.”

ती उठली. मोरीपाशी जाऊन त्याच्याकडं पाठ करून उभी राहिली. नळ सोडला, बंद केला. पुन्हा सोडला. पाणी वाहत होतं. वर्ललाही कळलं की ते कशासाठी वाहतंय. मग तिनं नळ बंद केला.

“वेदना झाल्या असतील त्याला.”

“झाल्या असतील.”

“मला हाक मारली असेल.”

वर्लनं हॅट काढून गुडघ्यावर ठेवली.

“आणि ती तिथं होती? अख्खी रात्र?”

“हलली नाही. वाऱ्याच्या बाजूला उभी होती, त्याला आडोसा करून. वारा फिरला की फिरायची.”

लिओटा वळली. तिचे डोळे लाल होते, पण आवाज नीट होता. “हे तुला खुणांवरून कळलं?”

वर्लनं तिच्याकडं पाहिलं. तोंड उघडलं. पुन्हा मिटलं.

ती बराच वेळ त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग काही विचारलं नाही. दाराशेजारच्या खुंटीवर टीगचा जुना कोट होता, लोकरीचा, बाह्या तिच्यासाठी लांब. तो तिनं अंगावर घेतला.

“एकटा नव्हता म्हणजे,” ती म्हणाली. वर्लला नव्हे. कोटाची बटणं लावत होती.

बाहेर उजेड फुटला होता. सगळं पांढरं, कुठं आवाज नाही. थंडी अशी की नाकातला श्वास टोचावा. ट्रेलरच्या मागच्या दाराला अडणा होता, त्यावर दंवाचा थर, कुणी हात न लावलेला. लिओटानं तो तळहातानं झाडला, अडणा स्वतः ओढला आणि आत गेली. वर्ल खाली उभा राहिला. आतून तिचा आवाज येत होता, हलका, शब्द कळत नव्हते. मग तिनं दोरी सोडली आणि घोडीला मागं मागं घेत बाहेर आणलं.

डव्ह अंगणात उभी राहिली. मान खाली घालून तिनं त्या कोटाची बाही हुंगली. वरून खाली, मग पुन्हा वर. लिओटानं तिच्या कपाळाला कपाळ टेकवलं. दोन वर्षांनी पहिल्यांदा. वर्लनं तोंड फिरवलं.

“वर्ल.”

तिचा आवाज वेगळा होता. तो वळला.

घोडीचं सगळं अंग दंवानं पिठासारखं पांढरं झालेलं होतं. मान, पुठ्ठे, पाय, पापण्यासुद्धा. उघड्या ट्रेलरमध्ये रात्रभर थंडीत उभी राहिलेली घोडी, तशी होणारच. पण पाठीवर दंव नव्हतं. पाठीवर केस ओले होते, चिकटलेले, काळपट. खांद्यामागून सुरू होऊन कमरेपर्यंत, दोन्ही बाजूंना खाली उतरलेले, कडा सरळ. आणि तिथून पोटाखाली गेलेला एक ओला पट्टा, खोगिराचा तंग आवळतात तेवढा रुंद.

दोन वर्षांत त्या पाठीवर खोगीर चढलं नव्हतं. गाडीतही नव्हतं.

लिओटानं कोटाच्या बाहीतून हात बाहेर काढला आणि तळवा त्या ओल्या जागेवर ठेवला.

“गरम आहे,” ती म्हणाली.

तिनं हात काढला नाही. ऊन अंगणात येईपर्यंत तिच्या बोटांमधून वाफ वर जात होती.